वाराहीचा पदर

मिसर देश
(छावणीचं नाव लिहायला मनाई आहे)
ता. ३ ऑगस्ट १९४१

मनकर्णा आत्यास जगदेवचा नमस्कार. दोन्ही हात जागेवर आहेत, बोटं दहा आहेत, ताप नाही. हे आधी लिहितो, कारण तू पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस.

न सांगता निघून आलो त्याला वर्ष झालं. तू रागावली असशील, ते बरोबरच आहे. पण देवीच्या ठाण्यावर नेताना साऱ्या गावासमोर ओढ्यात बैलगाडीचं चाक आदळलं आणि माझ्या हातच्या सातव्या मायेची, वाराहीची, मान धडापासून सुटली, ते मी विसरू शकत नव्हतो. पुढच्या गुरुवारी रिसोडच्या बाजारात कुणीतरी "मोडक्या आला" म्हणून हाक दिली आणि दहा माणसं हसली. तिथेच पलटणीची भरती चालू होती. मी रांगेत जाऊन उभा राहिलो. आता गवंड्यांच्या टोळीत आहे, पाण्याचे हौद बांधतो. हौदाला मान नसते, त्यामुळे काम चांगलं चाललं आहे.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं. गेल्या महिन्यात चार दिवसांची रजा मिळाली. मी आणि फुलसिंग (रिसोडकडच्या तांड्यावरचा आहे, माझ्याच टोळीत) आगगाडीने लक्झर नावाच्या गावी गेलो. मोठी नदी आहे आणि काठावर दगडी देवळं. आत्या, आपल्या सात पिढ्यांनी टाकी चालवली असेल, पण असलं काम त्यांनी पाहिलं नसणार. हजारो वर्षांचं म्हणतात, आणि टाकीची खूण अजून बोटाला लागते.

देव मात्र अजब. धड माणसाचं आणि डोकं जनावराचं. एकाला ससाण्याचं तोंड, एकाला मगरीचं. एक देवी गाभण म्हशीसारखं पोट घेऊन दोन पायांवर उभी आहे, ती बाळंतिणींची राखण करते असं तिथला रखवालदार म्हणाला. कोल्ह्याच्या तोंडाचा एक आहे, तो मेलेल्यांना वाट दाखवतो. फुलसिंग त्याच्यासमोर बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभा होता. मग म्हणाला, "जगदेव, हे त आपलं कोल्हं हाये ना बे. तांड्यावर आलं की आमी कुत्रे सोडतो याच्यावर. अन् येथं राजे याच्या पाया पडून राह्यले."

आपण भोवतालचा दगड काढून मूर्ती वर आणतो. ह्यांनी पुष्कळ ठिकाणी उलटं केलंय. भिंत तशीच ठेवायची आणि देव आत खोदायचा. ऊन तिरपं पडलं की कडेची सावली आपोआप रेघ ओढते. मी खाचेत बोट घातलं तर रखवालदार ओरडला. त्याला वाटलं मी काही उकरतोय.

आणि आता खरी गोष्ट. काळ्या दगडाच्या मूर्ती आहेत, सिंहिणीच्या तोंडाच्या देवीच्या. ओळीने बसलेल्या. कुणाचे हात गेलेत, कुणाची नाकं गेलीत. पण मी मोजल्या त्यांतल्या बहुतेकींच्या माना शाबूत आहेत. मी दिवसभर नुसत्या माना पाहत फिरलो. माझी का मोडली ते मला कळलं. मी मान चार बोटांची ठेवली होती, माणसासारखी, आणि वर डुकराचं लांब तोंड पुढे काढलं होतं. ह्यांनी काय केलंय ते शब्दांत सांगणं अवघड आहे, म्हणून सोबत मापांसह चित्र काढून पाठवतो. उशिरा का होईना, चूक कळली. बाकी तुझ्या गुडघ्याचं कसं आहे?

तुझा
जगदेव

*

मु. रिठद, वाशीम तालुका
ता. ६ ऑक्टोबर १९४१

चिरंजीव जगदेव यास आत्याचे आशीर्वाद आणि एक चापट. चापट पोस्टाने जात नाही म्हणून आल्यावर घे.

पत्र मिळालं. चित्र मिळालं नाही. चित्राच्या जागी खिडकी आहे. सरकारच्या माणसाने कात्रीने चौकोन कापून घेतला आहे आणि मी त्या भोकातून आपलं अंगण पाहिलं. कडेला तुझी काही अक्षरं उरलीत: "पाठीला भिंत", "दोन बाजूंनी भक्कम", आणि खाली "तोंड पुढे दीड वीत". साहेबाला वाटलं असणार, हा वऱ्हाडी गवंडी तोफेचा नकाशा घरी धाडतोय. आता आपली सातवी माय लंडनात कुणाच्या तरी टेबलावर असेल. चांद लोहाराला मी ते पत्र दाखवलं तर तो इतका हसला की भात्याची दोरी त्याच्या हातून सुटली.

आता इकडचं ऐक. ठाण्यावर अजून सहाच माया आहेत. सातव्या जागी नारळ ठेवतात. बारा वर्षांपूर्वीच्या पुरात जुनी वाराही गेली तेव्हापासून हेच चाललंय, तुझ्यामुळे नव्हे. पण उकंडराव पाटलाच्या मनात आता वेगळंच आलंय. त्याचा जावई नागपूरला शिकला आहे. त्याने सासऱ्याला सांगितलं, डुकराच्या तोंडाची देवी पाहून शिकलेले लोक हसतात. तेव्हा जयपूरहून संगमरवराची आणायची, पांढरी, माणसाच्या तोंडाची, नाकात नथ असलेली. पाटील आपल्या अंगणात येऊन बसला आणि म्हणाला, "मनकर्णा, तुह्या भावाच्या मांगं तुमच्या घरात आता टाकी धरनारं कोनी राह्यलं नाही. मंग अडून काय फायदा?"

मी म्हटलं, "पाटील, सहा बहिनी काळ्या अन् सातवी गोरी? पी हळद अन् हो गोरी, असं देवाले सांगता का तुमी? थे वाराही हाये. तिचं तोंड डुकराचंच राहीन. चैती पुनवेले मी उभी करून देतो."

"तू?"

"मी."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, पुनवेपर्यंत थांबतो. मूर्ती त्याच ओढ्यातून, गाडीवरून, साऱ्यांसमोर यायची. शाबूत आली तर ठाण्याचं काम आपल्या घराकडे राहील. मोडली तर जयपूरला पत्र जाईल आणि आपल्या घराने पुन्हा त्या ठाण्यावर टाकी लावायची नाही. मी हो म्हटलं.

तू डोळे मोठे करू नकोस. तुझ्या बापाच्या मूर्तींचे हातपाय, वस्त्रं, दागिने कुणी काढले असं तुला वाटतं? तो तोंड करायचा आणि बाजारात जायचा. पण जनावराचं डोकं माणसाच्या धडावर मी कधी बसवलेलं नाही. बाकीच्या सहा मायांची तोंडं माणसांची, आणि त्याही शेंदराखाली हरवल्यात, त्यांना विचारून उपयोग नाही. तेव्हा भोकात काय होतं ते शब्दांत लिही. मापं लिहू नकोस, नाहीतर पुन्हा खिडकी येईल. घरातल्या वस्तूंची नावं घेऊन लिही.

तुझी मूर्ती का मोडली ते राहू दे. झालं ते झालं.

गुडघा आहे तिथेच आहे.

मनकर्णा आत्या

*

मिसर देश
ता. १४ डिसेंबर १९४१

आत्यास नमस्कार.

तुझं पत्र फुलसिंगला वाचून दाखवलं. तोफेच्या ठिकाणी तो खाली बसून हसला. मग म्हणाला, "तुही आत्या पलटनीत असती त लढाई कवाच खतम झाली असती." हे मी तुला खूश करायला लिहीत नाही, तो खरंच म्हणाला.

पण आत्या, तू शब्द द्यायला नको होतास. काळा पाषाण आहे तो, पीठ नव्हे. तुझं वय काय, गुडघा काय. शिवाय मूर्ती ओढ्यातून नेताना काय होतं ते मी पाहिलंय, तू घरी होतीस. मला वाटतं पाटलाकडून अजून एक वर्ष मागून घे. लढाई संपली की मी येतो आणि माझी चूक मीच दुरुस्त करतो.

तू ऐकणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून लिहितो.

त्या सिंहिणीच्या देवीला दोन्ही कानांच्या मागून केसांचे जाड पट्टे खाली सोडलेले आहेत, एक डाव्या खांद्यावरून छातीवर, एक उजव्या. तू न्हाऊन केस पुढे सोडून वाळवत बसतेस ना, तसे. आणि मागे पाठभर तिसरा. जनावराची मान कुठे संपते आणि माणसाचा खांदा कुठे सुरू होतो, ते दिसतच नाही, कारण तो सांधा केसांच्या आत आहे. आपल्याला प्रश्न पडतो की लव कुठे थांबवायची आणि कातडी कुठे सुरू करायची. ह्यांनी तो प्रश्नच झाकून टाकला आहे. दुरून पाहिलं तर डोक्यावरून पदर घेतलेली बाई बसली आहे असं वाटतं.

पण ते नुसतं दिसण्यासाठी नाही. केसांच्या नावाखाली दगड तिथे ठेवलेला आहे. मान चार बोटांची दिसते आणि असते वीतभर. शिवाय पाठीला वरपासून खालपर्यंत दगडाची पट्टी तशीच सोडलेली, उखळाला भिंतीशी टेकवून ठेवावं तशी. म्हणून ह्या इतक्या वर्षं बसून आहेत.

सिंहिणीचं तोंड आखूड असतं, हे मात्र लक्षात ठेव. डुकराचं लांब. पुढचा भार कसा पेलायचा त्याचं उत्तर मला इथे सापडलं नाही. कोल्हा लांब तोंडाचा आहे, पण तो बहुतेक भिंतीवर कोरलेला, त्याला भिंतच धरून ठेवते.

मी तेव्हा हे पाहिलं असतं तर सातवी माय आज ठाण्यावर असती. रोज हौदाला गिलावा करताना हेच डोक्यात येतं. चार बोटं. कुणी सांगितलं होतं मला चार बोटं ठेवायला?

जगदेव

*

मु. रिठद
ता. १६ फेब्रुवारी १९४२

चि. जगदेव यास आशीर्वाद.

ह्या वेळी पत्र अखंड आलं. साहेबाला केस वाळवणाऱ्या बाईत तोफ दिसली नाही.

काम सुरू होऊन दीड महिना झाला. दगड मी ओढ्यापलीकडच्या खाणीतून घेतला. उचलण्याआधी चांदला बोलावलं आणि माझ्या हातोडीने त्याला वाजवायला लावला, वर, मध्ये, खाली, आणि त्याने मान हलवल्यावरच गाडीत घातला. तू विचारशील, दगड पारखायला लोहार कशाला. त्याचा कान चांगला आहे म्हणून. तो टाक्यांच्या धारेला पाणीही चांगलं देतो, पण दिवसाआड अंगणात येतो तो टाक्यांसाठी कमी आणि मूर्ती किती झाली ते पाहायला जास्त. त्याची लेक हलिमा तर त्याच्याआधी येते. परवा मूर्तीकडे बघून म्हणाली, "बाई, ही आता आपल्याकडं पाहून राह्यली."

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव घालणाऱ्याच्या मनगटाला काय येतं ते कुणी म्हणत नाही. सुजलंय, हळद लावते. पण मी मजेत आहे, जगदेव. तीस वर्षं मी दुसऱ्याच्या मूर्तींना बांगड्या घातल्या. आता पहिल्यांदा तोंड माझं आहे.

तू सांगितलेलं मला पहिल्या वाचनात कळलं. पण केस नाहीत. मी पदर घेतला.

असं बघ, आपली वाराही सात बहिणींतली माय आहे, तिच्या मांडीवर मूल आहे. मूल मांडीवर घेऊन चारचौघांत मोकळ्या केसांनी बसलेली बाई तू रिठदमध्ये पाहिली आहेस का? मी तिला डोक्यावरून पदर दिला, दोन्ही कानांमागून जाड चुण्या खाली सोडल्या, छातीशी आणल्या. तुझे दोन्ही पट्टे त्यात आले. पाठीची पट्टीही ठेवली.

लांब तोंडाचं उत्तर तुला मिसरात मिळालं नाही, मला इथे मिळालं. तोंड पुढे काढलंच नाही. खाली वळवलं. आई मुलाकडे बघते तेव्हा समोर बघत नाही, खाली बघते. मुलाने एक हात वर करून तिच्या तोंडाचं टोक धरलंय, पोरं आईचं नाक धरतात तसं. तो हात म्हणजे खालचा टेकू. सगळा भार मुलाच्या दंडातून मांडीवर उतरतो. पाटील येऊन गेला. दोनदा मूर्तीभोवती फिरला आणि म्हणाला, "पोट्टं भेत नाही व तिले." मी म्हटलं, "माय हाये त्याची. कायले भेईन?" तो चहा न घेता गेला.

चार बोटांचं पुन्हा लिहू नकोस. वाचायला कंटाळा येतो.

वर्ष मागून घे म्हणाला होतास. नाही मागितलं.

आत्या

*

मिसर देश
ता. २ मार्च १९४२

आत्या,

तुझं पत्र या खेपेला लवकर पोचलं. उत्तर घाईत लिहितो, कारण आमची टोळी उद्या हलणार आहे. कुठे ते विचारू नकोस.

पदर मी समजावून सांगण्यापुरता लिहिला होता. त्या देवीला पदर नाही, केस आहेत. कापड पातळ असतं, त्याच्या चुण्या खोल कोराव्या लागतात, आणि जितक्या खोल कोरशील तितका दगड कमी होईल. म्हणजे जिथे भक्कम हवं तिथेच तू पोखरते आहेस. कोरलेल्या चुण्या बुजवता येत नाहीत, पण अजून वेळ असेल तर निदान आणखी खोल करू नकोस. माझ्या एका शब्दाने दुसरीही मोडली तर मला ते सहन होणार नाही. मुलाच्या हाताचं मात्र मला सुचलं नसतं. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि फुलसिंगला माझं नाक धरायला लावलं, नीट कळावं म्हणून.

दुसरं असं की मी ठरवलंय. इथल्या एका साहेबाला माझं काम आवडलं. लढाईनंतर मुंबईत बांधकामावर मुकादमाची जागा देतो म्हणाला. मी हो म्हटलं. रिठदला येणार नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. हौद बांधणारा जगदेव इथे सगळ्यांना चालतो. तिकडे मी मोडक्याच. तू पुनवेला जिंकलीस तरी लोक म्हणतील, बाईने केली ती टिकली, गड्याने केली ती मोडली. आणि खरं तेच म्हणतील. मूर्ती टिकली तर माझं नाव घेऊ नकोस. मोडली तर घे, त्यांना सवय आहे.

टाकी माझ्या पेटीत आहे, तू दिलेली. ती विकली नाही.

जगदेव

*

मु. रिठद
ता. ३ एप्रिल १९४२

चि. जगदेव यास आत्याचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेवटाकडून वाचू नकोस. मी जसं लिहिलंय तसंच वाच.

तुझं पत्र पुनवेच्या चार दिवस आधी आलं. चुण्यांबद्दल तू लिहिलंस ते बरोबर होतं, म्हणून मी आधीच त्या उथळ ठेवल्या होत्या. नऊवारीचं सुती कापड जाड असतं, त्याला रेशमासारख्या खोल चुण्या पडत नाहीत. त्यामुळे ती काळजी सोड. तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट वाचून मात्र चार दिवस माझ्या हातून टाकी धरवली नाही. सुदैवाने पुसण्याचंच काम उरलं होतं.

पुनवेला सकाळी चांदने गाडी आणली. मूर्ती आडवी निजवायची नाही असं मी सांगितलं. बसलेली बाई बसूनच जाईल. कडब्याच्या पेंढ्या चहूकडून लावल्या आणि मी गाडीच्या मागे चालत निघाले. ओढ्याच्या दोन्ही काठांवर सारं गाव. रिसोडहून माणसं आलेली. पाटील पलीकडे उभा. ओढ्यात पाणी घोट्याएवढं, पण दगडगोटे तेच. तू जिथे अडलास त्याच्या दोन हात अलीकडे डावं चाक खड्ड्यात गेलं. चांद बैलांवर ओरडला, बैलांनी हिसका दिला आणि मूर्ती पेंढ्यांसकट गाडीच्या कठड्यावर जाऊन आदळली. असा आवाज झाला की काठावरच्या बाया मट्‌कन खाली बसल्या. साऱ्यांचे डोळे तिच्या मानेवर.

मी पाण्यात गेले. आधी हात फिरवला. मग कमरेची हातोडी काढून पदरावर वाजवली, खांद्यावर वाजवली, मुलाच्या दंडावर वाजवली. तिन्ही ठिकाणी खणखणीत. ओढ्याच्या दोन्ही काठांना ऐकू गेलं.

मग काय आरडाओरडा झाला ते विचारू नकोस. सात-आठ गड्यांनी चाक उचललं. मूर्ती ठाण्यावर, सहा बहिणींच्या ओळीत, सातव्या जागी बसली. नव्याने सून होऊन आलेल्या पोरींना वाराहीचं तोंड दाखवू नये असं जुन्या बायांचं म्हणणं होतं, पण त्या पोरीच आधी पुढे गेल्या. एकीने वाकून पाहिलं आणि स्वतःचा घसरलेला पदर डोक्यावर ओढून घेतला. मोठ्या जावेसमोर घ्यावा तसा. ते पाहून माझे डोळे भरून आले, आणि मी ते कुणापासून लपवलं नाही.

इतक्यात पाटलाने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. म्हणाला, "आयका. जगदेवच्या हातून पह्यली मूर्ती मोडली, थे साऱ्यांनी पाह्यलं. पन त्यानंच मिसरातून अक्कल धाडली अन् ही उभी राह्यली. त्याचं फिटलं. मनकर्णाच्या घराचं काम मनकर्णाच्या घरी."

लोक हो म्हणाले. त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. मी गप्प बसले असते तर सगळं तिथेच मिटत होतं. पण तुझं पत्र माझ्या कमरेला होतं.

मी म्हटलं, "पाटील, थांबा. जगदेवचं काईच फिटाचं नव्हतं. थे मूर्ती त्यानं मोडली नाही. मी मोडली."

"तू त घरी होती."

"घरीच मोडली. थो दगड मी निवडला होता. वाजवून पाह्यला तवा खालून खणखणीत वाजला अन् वरून बद्द, म्हंजे आत चीर. मी आयकलं. पन दगड पसंत हाये असं तुमाले आधीच सांगून बसली होती. म्हटलं, थोडकंच हाये, निभून जाईन. जगदेवनं मान कोरली थे त्याच बद्द जाग्यावर. त्यानं चार बोटं ठेवली असती का चौदा, थे मोडनारच होती."

पाटलाने विचारलं, "मंग दोन वर्सं सांगतलं काहून नाही? पोट्टं देश सोडून गेलं."

"लाज वाटली," मी म्हटलं. "माह्या कानाचा मले लई तोरा होता. पोट्ट्याले मोडक्या म्हनत होते तवा मी आयकून राह्यली होती, अन् चूप होती. म्हनून या येळेस चांदचा कान मांगून घेतला. माह्यावर माहा भरोसा राह्यला नव्हता."

चांद शेजारीच उभा होता. तो एवढंच म्हणाला, "दगड चांगला हाये पाटील. मी आयकला."

पाटलाने पुढे होऊन मूर्तीच्या खांद्यावर बोटाने वाजवून पाहिलं. मग म्हणाला, काम ह्याच घरी राहील, पण इथून पुढे दगड दोघांनी वाजवायचा, एकट्याने नाही. मला ते मान्य आहे. शिक्षा म्हणून सांगितलं असेल तर फार सोपी आहे, आणि शहाणपण म्हणून सांगितलं असेल तर मला आधी सुचायला हवं होतं.

हे तुला पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. तू मिसरात माना मोजत फिरलास, ऊन खाल्लंस, रखवालदाराच्या शिव्या खाल्ल्यास, आणि मी "ते राहू दे" म्हणत तुझी पत्रं घडी करून ठेवत होते. तुझ्या चार बोटांत चूक नव्हती असं नाही. पदराशिवाय ही वाराहीसुद्धा मोडली असती, आज ती तुझ्यामुळे उभी आहे. पण तू ज्या लाजेपायी घर सोडलंस ती लाज तुझी नव्हती, ती माझी होती. बाजारात सगळ्यांना कळलं आहे, कुणी विचारलं तर मी पुन्हा सांगते. ते नाव आता तुझ्याकडे नाही.

मुंबईला जायचं असेल तर जा. मुकादमाची जागा वाईट नसते. तुला अडवायचा हक्क मी त्या दिवशी घालवला. पण मी आत्या आहे, माझ्या मनातलं मी सांगणारच. मला तू हवा आहेस. कामासाठीही आणि कामाशिवायही. अंगणात एकटीच्या टाकीचा आवाज येतो तेव्हा मी मध्येच थांबते, दुसरी टाकी कुठे थांबली म्हणून. टोळी हलली म्हणून लिहिलंस, त्यालाही महिना झाला. जिथे असशील तिथून दोन ओळी धाड. दहा बोटं आहेत एवढं लिहिलंस तरी चालेल.

मंगरूळपीरहून दोन माणसं काल येऊन गेली. त्यांच्या गावच्या वेशीसाठी त्यांना दगडाचे दोन सिंह हवे आहेत. लवकर हवेत का विचारलं, तर म्हणाले, तुमच्या सवडीने करा. मी कबूल केलं. खाणीत जाऊन दोन दगड पाहूनही आले.

वाजवले नाहीत.

मनकर्णा आत्या